पातळ मिठाचा श्रावण

श्रावण लागला की आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चिकट होते. पावसाने नव्हे, केळीच्या खुंटांनी. आज याच्याकडे सत्यनारायण, उद्या तिच्याकडे. फडके रोडवरून कुणीतरी चार खुंट घेऊन येतं, ते लिफ्टमध्ये उभे मावत नाहीत म्हणून तिरके धरतं, आणि कापलेल्या बुडातून पाणी ठिबकत राहतं. वॉचमन ओरडतो, "ओ काका, डाग पडतो, निघत नाय तो!" खरंच निघत नाही. केळीचा डाग साडीवर पडला की साडी फाटेल, डाग राहील.

परवा भाजी घेऊन वर आले, तर समोरच्या दाराशी पूजा झालेले चार खुंट भिंतीला टेकवून ठेवलेले. हळदीकुंकू लागलेलं, पानं मान टाकून लोंबत होती. कचरेवाली येईल आणि घेऊन जाईल. माझा हात आपसूक पुढे झाला. "टाकताय ना हे? मग मला द्या," असं तोंडातून निघणारच होतं. मग लक्षात आलं, मी घरात नेऊन करणार काय? गॅलरीत आता कपडे वाळतात.

हर्षदा माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. पेणची. ठाण्याला एका प्रयोगशाळेत तिला संशोधनाला जागा मिळाली, आणि रोज पेणहून येणं काही खरं नव्हतं, म्हणून ती आमच्याकडे डोंबिवलीला राहिली. काही वर्षं झाली त्याला. पण माझ्या डोक्यात तिचा तो एकच श्रावण बसलाय. श्रावण म्हणते खरी, पण तो दसऱ्याच्या पुढेपर्यंत चालला.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पुढचं सगळं वाचनालयातनं आणि माणसांना विचारून विचारून. त्यामुळे घरात शिकलेलं माणूस आलं की मी त्याला सोडत नाही. पहिल्याच दिवशी चहा देताना विचारलं, "तू नक्की करतेस काय गो?"

"मावशी, मी मिठावर काम करते."

"मग घरातलीच तू! तुझा आजा बाळकुमला मिठागरातच राबला."

"हो, पण माझं मीठ पातळ असतं."

"म्हणजे पाण्यात विरघळलेलं."

"नाही ना! पाणी नाहीच त्यात. एक थेंब नको. नुसतं मीठ, पण ते गोठतच नाही. बाटलीत एरंडेलासारखं हलतं."

मला वाटलं, पोरगी थट्टा करते. मी जन्मापासून मीठ बघितलेलं. खाडीचं पाणी वाफ्यात घ्यायचं, उन्हाने आटवायचं, आणि एका सकाळी वाफ्याच्या तळाशी पांढरं धरलेलं दिसतं. माझा बाप ते पायाच्या तळव्याला टोचण्यावरून ओळखायचा. मिठाचं कामच मुळी बसायचं, दाणा धरायचं. न बसणारं मीठ म्हणजे काय? हर्षदा म्हणाली, मिठात दोन तऱ्हेचे कण एकमेकांना घट्ट धरून बसतात, तिच्या मिठात त्यातला एक कण एवढा बेढब असतो की दुसऱ्याला नीट धरताच येत नाही. म्हणून ते पातळच राहतं. मी म्हटलं, "म्हणजे आमच्यासारखं. मी आणि तुझे काका." आतून आमचे हे ओरडले, "बेढब कोण, ते पण सांग पोरीला!"

तर अशा त्या मिठात म्हणे केळीचा वाख विरघळतो. वाख, म्हणजे केळीच्या सोपटातला तंतू. पाण्यात वर्षभर ठेवा, विरघळायचा नाही, पण या मिठात जरा ऊन केलं की जातो. मग तो घट्ट रस पिचकारीत भरायचा आणि सुईतून पाण्यात सोडायचा, शेव पाडतो तसा. पाणी लागलं की मीठ पाण्यात निघून जातं आणि धागा एकटा मागे राहतो. नवा, गुळगुळीत, रेशमासारखा. असा धागा करायच्या जुन्या रीतीत फार उग्र, विषारी द्रव्यं लागतात, या रीतीत नाहीत. "आणि मिठाचं काय? ते गेलंच की पाण्यात," मी विचारलं. तर म्हणाली, "पाणी आटवायचं. मीठ परत हातात. पुन्हा वापरायचं."

त्या वाक्याला मी चहाचा कप खाली ठेवला. पाणी आटवून मीठ परत आणायचं! बाळकुमला आता खाडीपर्यंत टॉवर आलेत. बापाचे वाफे कुठे होते, ते दाखवायलासुद्धा जागा शिल्लक नाही. आणि ही पोरगी ठाण्यात बसून तेच करत होती, फक्त बाटलीत. तेव्हापासून ते संशोधन माझंही झालं. कुणी मला विचारलं नव्हतं, पण झालं.

खुंटांची कल्पना तिचीच. केळीची झाडं विकत आणून तोडण्यापेक्षा श्रावणात घराघरातनं जे खुंट पूजा झाल्यावर टाकतात, ते घ्यायचे. फुकट, भरपूर, आणि कुणाच्या पिकाचं नुकसान नाही. अडचण एकच होती. पूजेचे खुंट मागायला पेणची अनोळखी मुलगी दारात गेली तर लोक बघतच राहणार. म्हणून मी तिच्याबरोबर जायची. ती बेल वाजवायची, मी बोलायची.

"म्हात्रेवहिनी, खुंट कशाला हवेत हो तुम्हाला?"

"भाचीला हवेत. ती त्याचा धागा काढते."

"अगंबाई! कुठलं व्रत आहे हे?"

बायका इतक्या प्रेमाने द्यायच्या! नुसता खुंट द्यायचा कसा, म्हणून त्यावर पुन्हा हळदीकुंकू. तिच्या हातावर शिऱ्याचा द्रोण. एका आजींनी तर खुंटाची ओटी भरली. दोन आठवड्यांनी हर्षदा डोकं धरून बसली. "मावशी, प्लीज सगळ्यांना सांग, हळद लावू नका. धुऊन जात नाही. माझा धागा पिवळा येतोय."

"शुभ आहे की मग."

"सरांना काय सांगू? शुभ आहे?"

मग मी दारोदार सांगत फिरले, की हळद नको. दोघीतिघींना ते लागलं. पूजेतल्या वस्तूवरची हळद पुसून द्यायची म्हणजे काय? पण दिली बिचाऱ्यांनी.

हर्षदाची दुसरी अट, खुंट ताजा हवा. पूजा ज्या दिवशी, त्याच दिवशी तिच्या हातात. ती प्रत्येक दारात विचारायची, "काकू, ताजा आहे ना?" आणि प्रत्येक दारातून उत्तर यायचं, "हो गं, आजचाच आहे." मग ती चिठ्ठी चिकटवायची, कुणाचं घर, कुठली तारीख, ताजा.

आमची गॅलरी म्हणजे वखार झालेली. संध्याकाळी ठाण्याहून आली की हर्षदा पदर खोचल्यासारखी ओढणी कमरेला बांधायची. आम्ही दोघी पाटावर बसायचो. खुंटाची सोपटं एकेक सोलायची, बाहेरची वेगळी, आतली वेगळी. मग पाटावर पसरून बोथट सुरीने खरवडायची. गर निघून जातो, पाणी निघून जातं, आणि सुरीखाली लांबच लांब केस राहतात. आमचे हे दारातून बघायचे. "घरात माणसं तीन आणि केळी चाळीस. रात्री मलाच दोरीवर टाकाल वाळत." तो कच्चा हिरवा वास अजून माझ्या नाकात आहे. कुठे फुलवालीकडे सोपटाच्या दोरीने बांधलेला गजरा घेतला, की तो वास येतो आणि मी गजरा केसात माळायच्या आधी उगाच हुंगत उभी राहते.

पण ऋतूच उलटा होता बघा. खुंट मिळतात श्रावणात, आणि त्या पातळ मिठाला चालत नाही ती श्रावणातली हवा. तुमच्याआमच्या घरचं मीठसुद्धा या दिवसांत बरणीत ओलं होतं, आपण त्यात तांदळाचे दाणे टाकतो. हिचं मीठ तर हवेतनं पाणी ओढून घ्यायचं, आणि पाणी आलं की वाख विरघळेनासा व्हायचा. प्रयोगशाळेत त्याला कोरडं ठेवायची सोय होती म्हणे, पण ती नेहमीच नीट चालत नसे. मग ती घरी आली की मी तिच्या चेहऱ्यावरून ओळखायची. चपला सरळ काढल्या, तर मीठ कोरडं. एक इकडे, एक तिकडे, तर धागा तुटला.

कधी धागा गाठी गाठींचा यायचा. कधी पाण्यातच कापसासारखा फुटायचा. आणि तिच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, दिवाळीच्या आत एकसारखा धागा परत परत काढून दाखव, नाहीतर हा विषय बंद. दुसरा विषय म्हणजे पुन्हा पहिल्यापासून. तेवढी वर्षं तिच्याकडे नव्हती. बहिणीचा फोन आला की तिचं एकच, "ताई, तिला सांग ना, नोकरी बघ म्हणून." मी सांगायची, "सांगते हं." सांगितलं कधीच नाही.

आणि एके दिवशी ती आली, ती चपलांसकटच आत आली. हातात काचेची बशी, वर झाकण. झाकण काढलं, तर आत धाग्याची गुंडाळी. पांढरी. पांढरी म्हणजे दुधाची साय उजेडात धरल्यावर दिसते तशी. "ओढ मावशी. ओढून बघ." मी भीत भीत ओढला. तुटला नाही. आमच्या ह्यांनी ओढला, तर त्यांच्या बोटाला वळ उठला. "अरे, हा तर पतंगाचा मांजा झाला पोरी!" ते म्हणाले, आणि हर्षदा हसता हसता रडायला लागली. देवाजवळ साखर ठेवली. त्या खुंटाची चिठ्ठी तिने मला वाचून दाखवली, खुंट शेजारच्या कुंदाताईंचा, ताजा.

कुंदाताई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत. आमच्याच वयाच्या, कोकणातल्या, घर कसं लख्ख. त्यांना सांगायला गेले, तर त्या लाजल्याच. "आमच्या खुंटात काय एवढं?" "अहो, काय ते तुम्हीच सांगा," हर्षदा म्हणाली. "कुठून घेतले होते काकू? ताजे होते ना?" कुंदाताई एकदम घाईत म्हणाल्या, "ताजेच की. तो स्टेशनजवळचा असतो ना, वसईहून आणणारा, त्याच्याकडचे." आणि आत पोहे करायला गेल्या.

मग त्या वसईवाल्याच्या मागे आम्ही लागलो. त्याच्याकडून सकाळी सकाळी खुंट घ्यायचे, लगेच सोलायचे. धागा तुटला. जातीचा फरक असेल, म्हणून दोन-तीन जातींचे घेतले. तुटला. आतली सोपटं घेतली, बाहेरची घेतली. मीठ नवीन मागवलं. गौरी-गणपती आले, गेले. ती आरतीला उभी असायची आणि तिचे ओठ हलायचे, पण आरतीचे शब्द नसायचे ते. नवरात्रात हवा कोरडी झाली, मला वाटलं आता होणार. मीठ कोरडं राहिलं, धागा काही धरेना. दसरा झाला आणि सरांनी तिला खोलीत बोलावलं.

त्या संध्याकाळी तिने चपला सरळ काढल्या. अगदी जोडून ठेवल्या. मला कळेना, काय समजावं. मग म्हणाली, "विषय बंद झाला, मावशी."

"एकदा आला होता ना गो? मी हाताने ओढलाय," मी म्हटलं. "सांग की त्यांना."

"एकदा आला म्हणजे आला नाही, मावशी."

हे वाक्य मला तेव्हा फार कठोर वाटलं. आमच्याकडे एकदा पीक आलं तरी त्याची वर्षानुवर्षं आठवण काढतात. माझा बाप एका उन्हाळ्यात पडलेल्या मिठाची गोष्ट मरेपर्यंत सांगत होता. पण त्यांच्या शास्त्रात तसं नाही. जे पुन्हा होत नाही ते झालंच नाही, असं धरायचं. मग तिचा आनंद, ती साखर, ह्यांच्या बोटावरचा वळ, हे सगळं कशात धरायचं?

दिवाळीनंतर तिने औषधांच्या एका कंपनीत नोकरी घेतली. गोळ्या तपासायच्या, ठरल्याप्रमाणे आहेत की नाहीत ते बघायचं. चांगली नोकरी. लग्नही झालं, नवरा भला माणूस आहे, कळव्याला राहतात. मी कधी विषय काढला तर म्हणते, "मावशी, सोड ना." आणि मी सोडते. ती हुशार होती, तिने मेहनत केली, तरी झालं नाही, असं आम्ही सगळ्यांनी मनाशी ठरवून टाकलं. तिनेही. तिचं ते ठरवणं मला तिच्या वागण्यात दिसतं. पूर्वी ती कुठल्याही वस्तूला हात लावून "हे कशाचं आहे?" विचारायची. आता विचारत नाही.

आता परवाचं ऐका. ते खुंट बघून मी घरात आले आणि तासाभराने कुंदाताई मोड आलेले वाल घेऊन आल्या सोलायला. बोलता बोलता मी म्हटलं, किती खुंट वाया जातात हो. तर त्या हसायला लागल्या.

"वहिनी, आता सांगायला हरकत नाही. एका वर्षी मी पूजाच उष्ट्या खुंटांवर केली."

"म्हणजे?"

"अहो, नौपाड्याला माझ्या जाऊबाई. त्यांची पूजा आधी झालेली. खुंट चांगले दिसत होते, टाकवेनात. मी म्हटलं, मला द्या. पण आमची पूजा पुढे गेली, भटजींना ताप आला. मग मी ते खुंट बाथरूममध्ये बादलीत पाणी घालून उभे करून ठेवले. बुडाशी जरा बुळबुळीत झाले होते, तेवढं कापलं, पानं नवीन बांधली. भटजींना पत्ता नाही!"

मी हातातला वाल वाटीत टाकला. "हे कुठलं वर्ष, कुंदाताई?"

"तुमची हर्षदा होती ना तेव्हा? तिलाच तर दिला त्यातला एक. ती दारात उभी, ताजा आहे ना काकू, ताजा आहे ना. मागे आमच्या सोसायटीच्या दोन बायका. काय सांगणार होते, की एकदा वापरलेल्या खुंटांत मी देव बसवला म्हणून?"

त्यांना दोष कसा देऊ? त्यांनी एक साधी लाज झाकली. मी असते, तर मीही झाकली असती. आपल्याकडे कुणी बाई दारात उभं राहून हे कबूल करेल? आणि कोण जाणे, दुसऱ्याही किती चिठ्ठ्यांवर "ताजा" लिहिलेलं तसंच असेल. पाण्यात उभा राहून तो खुंट कुजायला लागला होता. वाख काढायची आमच्या आज्यांची रीत तीच, अंबाडी पाण्यात कुजवायची, म्हणजे चिकट सगळं निघून जातं आणि तंतू सुटा होतो. आणि आम्ही मात्र दिवसरात्र ताज्यामागे धावत होतो. जितका ताजा, तितका धागा तुटत होता.

सांगावं की न सांगावं, यात माझा एक दिवस गेला. हे म्हणाले, "आता सांगून काय करणार? जखमेवरची खपली काढशील." मला वाटलं, पण तिने स्वतःला नापास करून टाकलंय. तेवढं तरी खोडायला हवं. दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन लावला. सगळं सांगितलं, जाऊबाई, बादली, भटजींचा ताप.

मग ती म्हणाली, "किती दिवस होता पाण्यात?"

तो आवाज मी ओळखला. गॅलरीत पाटावर बसून विचारायची, तो. "त्यांना आठवत नाही गो. मी विचारलं. भटजी बरे होईपर्यंत, म्हणाल्या."

"पाणी बदलत होत्या?"

"तेही आठवत नाही."

"बरं." मग अगदी हळू, "मी सगळ्यांना ताजा आहे ना, असंच विचारत होते, मावशी. तसं विचारल्यावर नाही कोण म्हणेल? कधी आणलाय, एवढंच विचारायचं होतं."

मला सांगायचं होतं, तुझी चूक नाही बाळा, मी तुझ्या शेजारीच उभी होते, मलाही सुचलं नाही. सांगायचं होतं, धागा आला होता, खरा होता, आता तर का आला तेही कळलं, अजून कुठे काय गेलंय. शब्द जुळवेपर्यंत तिच्या मागे यंत्राची शिट्टी झाली. कुणीतरी हाक मारली, "मॅडम, पुढची बॅच!"

"आले," ती म्हणाली. ते मला नव्हतं.